एमजीबी १९७२: नवे स्टीलचे बंपर, डावी-उजवी फट जुळत नाही

पोर्चातली_एमजीबी, पर्वरी

नमस्कार मंडळी. गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची इंग्रजी स्पोर्ट्स गाडी), क्रोम बंपरवाली. मूळ बंपर मागून सडलेत, म्हणून बाहेरून स्टेनलेसचा संच मागवला आहे. त्यात पुढचे पाते (बंपरची लांब आडवी पट्टी), मागचे पाते, चार ओव्हररायडर (पात्यावर बसणारे उभे ठोकळे) आणि नट-बोल्टची एक पिशवी आली. ब्रॅकेट (पाते चॅसीला जोडणारे लोखंडी तुकडे) जुनेच वापरायचे आहेत. रंगकाम अजून बाकी आहे.

पुढचे पाते हलक्या हाताने अडकवून पाहिले. पात्याची आतली कड ते मडगार्ड ही फट डावीकडे ८ मिमी आणि उजवीकडे १९ मिमी आहे. उंची साधारण सारखी दिसते. मागच्या पात्याच्या दोन भोकांत बोल्टची चौकोनी मान शिरत नाही. पिशवीतले नट जुन्या बोल्टांवर दीड-दोन आटे जाऊन अडकतात.

टिंकर म्हणतो, पातेच वाकडे आले आहे, गुडघा लावून सरळ करून देतो. करू द्यावे का? शिवाय खाडीचा वारा थेट पोर्चात येतो, तेव्हा गंजाचेही आत्ताच पाहून घ्यावे म्हणतो.


पाना_पक्कड, फोंडा

गुडघा अजिबात लावू देऊ नका. हे पाते म्हणजे अखंड दाबून काढलेला जाड लोखंडी पत्रा नव्हे. बाजारातले बहुतेक स्टेनलेस बंपर दोन-तीन तुकडे सांधून, घासून, पॉलिश करून बनवतात. गुडघ्याखाली ते हवे तिथे वाकत नाही, सांध्याच्या शेजारी मोडल्यासारखे वाकते. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, पण ट्यूबलाइटखाली धरा, प्रकाशाची रेघ त्या जागी तुटलेली दिसेल. ती रेघ पुन्हा सरळ होत नाही.

आधी पाते दोषी आहे का ते ठरवा. पॅकिंगचा खाकी कागद जमिनीवर पसरा, पाते वरची कड खाली करून त्यावर ठेवा आणि आतल्या कडेने पेन्सिल फिरवा. मधोमध खूण करा. कागद त्या खुणेवर दुमडला की डावी रेघ उजव्या रेघेवर पडली पाहिजे. टोकाशी २-३ मिमीचा फरक असेल तर पाते ठीक समजा. ८-१० मिमी निघाला तर विक्रेत्याला फोटो पाठवा, आणि तोवर एकही भोक कानशीने वाढवू नका. कानस लागलेला माल कोणी परत घेत नाही.

पाते ठीक निघाले तर संशय ब्रॅकेटवर, आणि त्यानंतर ब्रॅकेट ज्याला धरतात त्या चॅसीच्या टोकांवर. पन्नास वर्षांत कोणी तरी कधी तरी या गाडीचे नाक भिंतीला टेकवले असणारच. जुना बंपर त्या वाकड्या ब्रॅकेटशी जुळवून घेत स्वतःही वाकलेला असतो, म्हणून दोष झाकला जातो. नवे सरळ पाते लावले की तो उघडा पडतो आणि शिव्या नव्या पात्याला बसतात.

आता तुमच्या ८ आणि १९चा हिशेब. समजा ब्रॅकेटांचे दोन आधार एकमेकांपासून ७०० मिमीवर आहेत आणि पात्याचे टोक मध्यापासून ७५० मिमीवर. (गाडीची रुंदी १५२ सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे अंदाज फार चुकणार नाही. तरी आधारांमधले अंतर स्वतः मोजा.) डाव्या आधारामागे १ मिमी पॅकिंग (मध्ये घालायची चकती) घातले की पाते उजव्या आधाराभोवती फिरते. डावे टोक १.६ मिमी पुढे येते आणि उजवे टोक ०.६ मिमी मागे जाते. म्हणजे १ मिमी पॅकिंगमागे दोन्ही फटींतला फरक सव्वादोन मिमीच्या आसपास कमी होतो. तुमचा फरक ११ मिमी आहे, म्हणजे डावीकडे ५ मिमी लागेल आणि दोन्ही फटी १६वर येतील.

गणित जुळले म्हणून ५ मिमीची चकती लगेच कापायला टाकू नका. पॅकिंग १-२ मिमीपर्यंत ठीक. ५ मिमी लागतेय याचा अर्थ डावीकडे काही तरी वाकले आहे. ते आधी शोधा.


आटेवाला, मडगाव

नटांचे उत्तर सोपे. गाडी इंग्रजी, आटे यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे), आणि पिशवीत बहुधा मेट्रिक (एम८, एम१०) माल आला आहे.

३/८ यूएनएफचा व्यास ९.५ मिमी, इंचाला २४ आटे. एम१०चा व्यास १० मिमी आणि आट्यांतले अंतर दीड मिमी. ५/१६ यूएनएफ ७.९ मिमीचा, म्हणजे एम८ला जवळजवळ भाऊच. पण त्यालाही इंचाला २४ आटे, आणि एम८चे अंतर सव्वा मिमी. म्हणून एम८चा नट ५/१६वर दीड-दोन आटे गोडीत जातो आणि मग रुसतो. तिथे पाना लावून जोर केला की दोन्हीचे आटे गेले.

पिशवीतला प्रत्येक बोल्ट आटे मोजायच्या गेजने तपासा. ते नसेल तर ओळखीच्या यूएनएफ बोल्टचे आटे त्याच्या आट्यांत बसवून उजेडाकडे धरा. मधून प्रकाश दिसला नाही तर एकाच जातीचे. पान्यांचेही तेच. ३/८च्या नटाला ९/१६चा पाना लागतो, म्हणजे १४.३ मिमी. १४चा जात नाही आणि १५चा कोपरे खातो. ५/१६ला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिमी. तिथे १३चा पाना सैल का होईना चालतो, म्हणून सगळे तोच वापरतात. गंजलेल्या नटावर मात्र वापरू नका.

जुने बोल्ट वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारा, सकाळी पुन्हा मारा, मग पाना लावा. तरी हलला नाही तर नटावर ग्राइंडरने उभा छेद घेऊन छिन्नीने फोडा. फक्त आधी नवे पाते त्या खोलीतून बाहेर न्या. का ते दोना पावलावाले सांगतीलच.

मागच्या पात्याच्या चौकोनी भोकांना चौकोनी बारीक कानस घ्या आणि चारही बाजू सारख्या घासा. घाई करून गोल ड्रिल मारलेत तर मान फिरायला लागेल आणि पुढच्या खेपेला बोल्ट सोडवताच येणार नाही, कारण बाहेरून घुमटाकार डोके आहे, पाना धरायला कोपराच नाही.


पोर्चातली_एमजीबी, पर्वरी

कागदावर रेघ मारली. टोकाशी फरक दीड मिमी. म्हणजे पाते निर्दोष. टिंकरला दाखवले, तो म्हणाला कागद वाकडा असेल.

दोन्ही ब्रॅकेट काढून एकमेकांना पाठ लावून शिकंज्यात धरले. डावा ३ मिमी आत गेला आहे. तापवून सरळ करू का?


टिंकरिंग_पेंटिंग, म्हापसा

तापवू नका. हे ब्रॅकेट स्प्रिंगच्या पोलादाचे आहेत. गॅसची ज्योत लावून लाल केलात की पाणी (कडकपणा) उतरले. सरळ तर झटकन होतील, पण महिनाभरात ओव्हररायडरच्या वजनाने खाली येतील.

थंडच दाबा. बेअरिंगवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असते. खाली दोन ठोकळे, वर एक, आणि हळूहळू दाब. स्प्रिंग असल्याने ३ मिमी सरळ करायला ६-७ मिमी पलीकडे न्यावे लागेल, मग ते परत येऊन जागेवर बसेल. दर दाबानंतर काढून चांगल्या ब्रॅकेटशी ताडून पाहा. बोल्टच्या भोकांभोवती बारीक तडे दिसतात का ते भिंगाने बघा. तडा असेल तर झारून घेऊ नका, ब्रॅकेट नवाच घ्या.

आणखी एक. टिंकरमंडळींना नावे ठेवू नका हो! आम्हाला रोज जे बंपर दिसतात ते प्लास्टिकचे, क्लिपचे. गुडघा लावायची सवय तिथूनच लागते.

आता बसवण्याचा क्रम, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

गाडी सपाट जागी घ्या. जुन्या घरांचे पोर्च पाणी निघून जावे म्हणून उतरते केलेले असतात, त्यावर विसंबू नका. गवंड्याची पाइपातली पाणसळ घ्या आणि चारही चाकांखालची पातळी बघा. टायरची हवा सारखी करा. पण लक्षात ठेवा, बंपर जुळवायचा तो गाडीच्या अंगाशी, जमिनीशी नव्हे. एमजीबीला मागे पाट्यांचे कमान-स्प्रिंग आहेत, ते जुने झाले की एका बाजूला बसतात. अशा गाडीचा बंपर जमिनीशी समांतर केलात तर मागून पाहणाऱ्याला डिकी वाकडी दिसेल. मग डिकीचे झाकण सोडवून ठोकाठोकी सुरू होते, आणि मूळ कारण खाली स्प्रिंगमध्ये राहते.

मडगार्डच्या कडांवर मास्किंग टेपचे तीन थर लावा. नवा रंग झाल्यावर नव्हे, आत्ताच्या प्रायमरवरच पहिली जुळवणी करा. दोन माणसे हवीत. एकट्याने पात्याचे एक टोक गुडघ्यावर धरून दुसरीकडे नट लावायला गेलात की ओरखडा ठरलेला.

ब्रॅकेट आधी पात्याला, सगळे बोल्ट सैल. मग पूर्ण सांगाडा उचलून चॅसीच्या टोकांना, तेही सैल. ओव्हररायडर याच वेळी लावा, नंतर नव्हे, कारण त्यांचे बोल्ट पात्याला किंचित खेचतात आणि जुळलेली फट पुन्हा हलते. मध्य जुळवा. जाळीवरून मध्य काढू नका, जाळीच दोन-तीन मिमी इकडेतिकडे असते. दोन्ही मडगार्डच्या टोकांवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खुणा करा आणि त्यांचा मध्य धरा. मग उंची, मग फट. आवळताना मधून बाहेर जा, आलटून पालटून, एका फेरीत अर्धा-अर्धा फेरा. प्रत्येक फेरीनंतर फटीत लाकडी पाचर सरकवून बघा, दोन्हीकडे सारखी अडली पाहिजे.


कानसबहाद्दर, डिचोली

एवढे रामायण कशाला? पात्याची भोके ४-५ मिमी लांबवायची, मोठा वायसर टाकायचा, सरकवायचे आणि आवळायचे. अर्ध्या तासाचे काम.


पाना_पक्कड, फोंडा

मास्तर, दोन गोष्टी. एक, इथला प्रश्न बाजूला सरकण्याचा नसून पुढेमागे जाण्याचा आहे. भोक लांबवून पाते डावीउजवीकडे सरकेल, फट तशीच राहील. दोन, भोक लांबवायचेच झाले तर ब्रॅकेटचे लांबवा, पात्याचे नको. पात्याच्या भोकाची चौकोनी मान गेली की बोल्ट फिरतो, आणि घुमटाकार डोक्याच्या कडेतून लांबवलेले भोक डोकावते. ते झाकायला समोर वायसर घालायचा म्हणजे शेवंतीच्या वेणीत खिळा. ब्रॅकेट मागे असतो, तिथे काहीही करा, कोणी बघत नाही. भोक लांबवल्यावर मात्र नटाखाली जाड वायसर द्या, नाहीतर नट त्या खाचेत रुतत जातो.


कानसबहाद्दर, डिचोली

पुढेमागेचे मान्य. वेणी-खिळ्याचे अजून ठरवायचे आहे.


खाऱ्या_वाऱ्याचा, दोना पावला

गंजाकडे वळतो. इथे जरा लांबेल.

स्टेनलेस म्हणजे गंजत नाही, हा समज आधी काढून टाका. तो उशिरा गंजतो, आणि जिथे हवा पोचत नाही तिथे आधी. क्रोमियमचा जो अदृश्य थर त्याला राखतो, तो ऑक्सिजन मिळाला तरच पुन्हा पुन्हा तयार होतो. समुद्राच्या हवेतले मीठ तो थर टिंबाटिंबाने फोडते. म्हणून चकचकीत दर्शनी बाजू वर्षानुवर्षे टिकते आणि वायसरखाली, ओव्हररायडरच्या सांध्यात, मागच्या वेल्डच्या रेघेवर तपकिरी डाग आधी दिसतात.

माल कुठला ते तपासा. चांगले बंपर ३०४ जातीचे असतात, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, किनाऱ्यावर तो सरस, पण बंपरमध्ये क्वचित मिळतो. भीती २०२ची. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते, दिसायला हुबेहूब, आणि आपल्याकडे पहिल्याच पावसाळ्यात ठिपके पडतात. लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका. २०२लाही चुंबक चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ वाकवलेल्या जागी थोडा चिकटतो. भंगारवाल्यांकडे तपासायचे द्रावण आणि छोटी बॅटरी मिळते. मागच्या बाजूला एक थेंब टाकायचा, दोन तारा टेकवायच्या. लाल झाला तर २०२. पुसून पाण्याने धुवायला विसरू नका.

आता ग्राइंडर. आटेवाल्यांनी पाते बाहेर न्यायला सांगितले ते अगदी बरोबर. साध्या लोखंडाच्या ठिणग्या आणि भुकटी स्टेनलेसवर बसते, रुतते आणि दोन दिवसांत गंजते. आपल्याला वाटते बंपर गंजला. गंजलेला असतो तो वरचा लोखंडाचा कण, पण त्याच्याखाली पुढे खड्डा पडतो. ज्या तारेच्या ब्रशने ब्रॅकेट घासलात तोच ब्रश पात्याला लावण्याची चूकही हीच. पात्याच्या मागच्या बाजूला वेल्डजवळ निळा-तांबूस रंग राहिला असेल तर तिथे संरक्षक थर आधीच मेलेला आहे. पॉलिशवाल्याकडून तो भाग घासून घ्या. त्यासाठी लावतात ती पेस्ट घरी आणू नका, तिच्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते, ते हाडापर्यंत जाते.

खरी झीज मात्र ब्रॅकेटची होते. मोठे स्टेनलेसचे पाते, त्याला टेकलेला लहानसा लोखंडी ब्रॅकेट आणि मध्ये खारट ओल: ही बॅटरीच झाली, आणि तिच्यात नेहमी लोखंड खर्ची पडते. पाते जितके मोठे आणि उघडे लोखंड जितके थोडे, तितके ते जलद खाल्ले जाते. म्हणून ब्रॅकेटवर एखादाच ओरखडा राहिला तर सगळा मार तिथेच बसतो. रंग ब्रॅकेटला लावाच, शिवाय पात्याच्या मागच्या बाजूलाही इपॉक्सीचा हात मारा. लोक हसतील, स्टेनलेसला रंग कशाला म्हणून. हसू द्या.

ब्रॅकेट असे करून घ्या: गंज पूर्ण काढा, जस्तयुक्त प्रायमर एक हात, दोन घटकांचा इपॉक्सी दोन हात, भोकांच्या आतल्या कडांसकट. नीट वाळायला आठवडा द्या, जुलैत त्याहून जास्त. जस्ताचे इलेक्ट्रोप्लेटिंग करायचे मनात आले तर थांबा. कडक पोलादात आम्लाच्या बाथमधून हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंग एक दिवस काचेसारखी तुटते. प्लेटिंगवाला लगेच १९० ते २०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवणार असेल तरच द्या. तशी भट्टी किती जणांकडे असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

पाते आणि ब्रॅकेटच्या मध्ये १ मिमीचा नायलॉन वायसर, बोल्टच्या दांड्यावर नायलॉनची नळी. सायकलची ट्यूब कापून घालू नका, ती पाणी धरून ठेवते. ओव्हररायडर आणि पाते यांमधला रबरी गोट ओढून न ताणता बसवा. ताणलेला गोट उन्हात आखडतो, दोन्ही टोके वर येतात आणि तिथून पाणी आत जाते. शेवटी मागून सगळ्या सांध्यांत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचे मेण). दर्शनी बाजूला साधे गाडीचे वॅक्स पुरते.

धुण्याबद्दल एकच. पावसात भिजलेली गाडी धुतलीच समजा, पण डिसेंबर ते मे, जेव्हा पाऊस नाही आणि वारा खारा, तेव्हा पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने मागून पिचकारी मारा. फरशी-संडास साफ करायचे आम्ल आणि ब्लीच बंपरजवळही नको, दोन्हींतले क्लोराइड हेच स्टेनलेसचे विष. आणि चिंच-कोकम तांब्या-पितळेच्या भांड्यांना, बंपरला नव्हे.


आटेवाला, मडगाव

दादांच्या पोस्टला एक पुरवणी. स्टेनलेसचा बोल्ट आणि स्टेनलेसचा नट असेल तर मशीनने आवळू नका. आटे गरम होऊन एकमेकांत वितळल्यासारखे चिकटतात, मग ना पुढे ना मागे. बोल्ट कापणे हाच मार्ग राहतो. आट्यांना अँटीसीझ (आटे चिकटू न देणारे वंगण) लावा, हाताने सावकाश आवळा. ३/८च्या स्टेनलेस बोल्टला २५ न्यूटन-मीटर भरपूर झाले. नायलॉन घातलेला नट एकदाच वापरायचा, जुळवणी करताना साधे नट लावा आणि नायलॉनवाले अगदी शेवटी.


जाळी_आणि_दिवे, वास्को

विजेचे कोणी बोलले नाही. ज्या गाड्यांत नंबरप्लेटचे दिवे मागच्या बंपरवर किंवा ओव्हररायडरवर बसतात, त्यांना अर्थिंग बऱ्याचदा बंपरच्याच लोखंडातून मिळते. तुम्ही रंग, नायलॉन वायसर, नळी असे सगळे चोख केलेत की दिवा बंद. मग लोक बल्ब बदलत बसतात. दिव्याच्या बॉडीपासून डिकीतल्या अर्थच्या जागेपर्यंत वेगळी काळी वायर ओढा. ल्युकास (इंग्रजी गाड्यांची वीजसामग्री बनवणारी कंपनी) हिच्या वायरींच्या रंगांत काळी म्हणजे अर्थ आणि लाल म्हणजे पार्किंग-टेल, हे जुळवून घ्या. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट नवा घाला, जुना हात लावताच चुरा होतो.

पुढच्या नंबरप्लेटची पट्टीही आत्ताच आखा. आपली नवी प्लेट ५०० बाय १२० मिमीची असते. ती जाळीसमोर उभी केलीत तर रेडिएटरची हवा अडते. मे महिन्यात पणजीच्या पुलावर रांगेत उभे राहिल्यावर कळते.


बेळगावमार्गे, साखळी

जुने बंपर फेकून देऊ नका, एवढेच सांगायला आलो. पत्रा भोक पडेपर्यंत सडला नसेल तर पुन्हा क्रोम करून मूळ पाते वाचते आणि ते बसतेही नीट. चांगल्या क्रोममध्ये तांबे, निकेल आणि वर क्रोमियम असे थर असतात. चमक दिसते ती क्रोमियमची, पण तो थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. संरक्षण करते ते खालचे २०-३० मायक्रॉनचे निकेल. स्वस्तात करणारा तांबे गाळतो, निकेल उरकतो, आणि सहा महिन्यांत गोव्याची हवा त्याचे बिंग फोडते. भाव विचारू नका, निकेलची जाडी विचारा. आम्लात बुडवण्याआधी सडलेले भाग वेल्ड करून घ्या, पातळ पत्रा आम्लात पार चाळणी होतो.

कोल्हापूर-बेळगावला न्यायचे तर चोर्ला घाटाच्या वळणांवर डिकीत आपटून चेपे पडतात. गोधडीत गुंडाळा.


खाऱ्या_वाऱ्याचा, दोना पावला

सहमत. फक्त रंगछटेचे भान ठेवा. क्रोमला निळसर झाक असते, स्टेनलेस किंचित पिवळट, उबदार दिसते. पाते स्टेनलेस आणि ओव्हररायडर क्रोम अशी भेळ उन्हात लगेच कळते. करायचे तर पुढचा संच अख्खा एका जातीचा ठेवा.


नवा_भिडू, काणकोण

माझ्याकडे रबरी बंपरची १९७७ची एमजीबी यायची आहे. तिला हेच क्रोमसारखे बंपर लावता येतील ना?


पाना_पक्कड, फोंडा

नाही हो, निदान पाना-पक्कड घेऊन तरी नाही. १९७४च्या उत्तरार्धात अमेरिकेच्या धडकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले, आणि त्यांच्यासोबत गाडीचे नाक-शेपूट बदलले, उंचीही सुमारे दीड इंच वाढली. पुढचे इंडिकेटर त्या रबरी बंपरातच आहेत. बंपर काढला की दिवेही गेले, आणि मडगार्डला त्यांची जागा नाही. पुढची मडगार्ड, खालचा पत्रा, मागचे कोपरे, ब्रॅकेटचे आधार अशी कापाकापी आणि वेल्डिंग लागते. शिवाय उंची खाली न आणता नुसते क्रोम लावलेत तर गाडी पाटलोण वर खोचून ओढा ओलांडणाऱ्यासारखी दिसते.

जाता जाता दुसरा सापळा. १९७०च्या अमेरिकी मॉडेलला मागे अर्धे-अर्धे दोन बंपर होते, मध्ये नंबरप्लेट. तशी गाडी असेल तर मागवताना अखंड पाते घेऊ नका. वर्षावरून नव्हे, गाडीखाली वाकून काय आहे ते बघून मागवा.


जाळी_आणि_दिवे, वास्को

कागदपत्रांचेही लक्षात असू द्या. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, नंबरात जीएनंतर व्हीए येते, शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५ हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. त्याच आकाराचा बंपर बोल्टने बदलणे ही दुरुस्ती झाली. रबरीचे क्रोम करायला मडगार्ड कापणे ही वेगळी गोष्ट. नोंदणी करायची असेल तर आधी अर्ज, मग ग्राइंडर.


नवा_भिडू, काणकोण

देव बरें करूं. रबरीच ठेवतो. काळा रंग उडून पांढरट पडले आहेत, त्याचा वेगळा धागा काढतो.


बेळगावमार्गे, साखळी

मागवणाऱ्यांसाठी भाड्याचा हिशेब. कुरियरवाले वजन नाही, आकारमान मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५०००ने भागतात. १६० बाय ३५ बाय २५चे खोके म्हणजे २८ किलोचे बिल, आत माल त्याहून कितीतरी हलका असला तरी. दोन्ही पाती एकमेकांत बसवून एकाच खोक्यात भरायला सांगा, पण मध्ये फोम हवाच. घासत आलेल्या पात्यांचे ओरखडे बफिंगने जातात, सांध्यावरचे चेपे जात नाहीत. खोके उघडताना व्हिडिओ घ्या.


पोर्चातली_एमजीबी, पर्वरी

स्थिती सांगतो. डावा ब्रॅकेट प्रेसवर थंडच सरळ केला. ३ मिमीसाठी तीन वेळा दाबावा लागला. आधारांमधले अंतर ७००च्या अगदी जवळ निघाले. ब्रॅकेटनंतर फटी डावीकडे पावणेतेरा, उजवीकडे सव्वासतरा. डाव्या आधारामागे १ मिमीच्या दोन स्टेनलेस चकत्या घातल्या. आता दोन्हीकडे १६. मागच्या भोकांना कानस लावली, मान बसली. नट-बोल्ट सगळे यूएनएफ नवे घेतले. द्रावणाचा थेंब लाल झाला नाही.

आता सगळे काढून रंगाला. शेवटी बसवताना नायलॉन वायसर येणार, त्याने मापे बदलतील का?


पाना_पक्कड, फोंडा

दोन्ही बाजूंना सारखे वायसर असतील तर दोन्ही फटी १-१ मिमी वाढतील, फरक पडणार नाही. चकत्यांवर कोणत्या बाजूच्या, किती, हे खरवडून ठेवा, रंगवाल्याच्या टेबलावरून अशा वस्तू हमखास गायब होतात.


टिंकरिंग_पेंटिंग, म्हापसा

रंगाची जाडी आणि नवे नायलॉन दोन्ही दबतात. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा २५ न्यूटन-मीटरवर तपासा. ओव्हररायडरचे बोल्ट आधी, तेच पहिले सैल होतात. आणि ती जुनी पाती दमट खोलीत भिंतीला टेकवून ठेवू नका, तेल लावून आढ्याला टांगा.